तळं गप्प झालं, तर कुणाच्या लक्षात येईल?

पोहरादेवीचं नाव आता देशभर पोचलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि नंगाऱ्याच्या आकाराची ती इमारत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. नंगारा हे बंजारा समाजाचं मानाचं वाद्य. तांड्यातलं कार्य असो की सण, नंगाऱ्यावर थाप पडल्याशिवाय रंग भरत नाही. एखाद्या समाजाने आपली ओळख म्हणून राजवाडा किंवा किल्ला न निवडता एक वाद्य, म्हणजे एक आवाज निवडावा, हे मला फार आवडलं.

देवीच्या गावाला सोयी हव्यातच. रामनवमीच्या यात्रेला लाखो माणसं येतात. त्यांना रस्ता हवा, पाणी हवं, दिवे हवेत, बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत. यात कुणाचं दुमत नाही. पण याच परिसरात आणखी काही आवाज आहेत. त्यांच्यासाठी कुणी इमारत बांधणार नाही आणि ते बंद झाले तर बातमीही येणार नाही. ते आवाज तळ्याकाठचे आहेत. टिटवीचे, पाणकोंबड्यांचे, बदकांचे, बेडकांचे. आज त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण सध्या सरकारदरबारी आणि कोर्टात पाणथळ जागांबद्दल जे चाललं आहे, त्यात आपली तळी नेमकी कुठे बसतात, हे आपण विचारायला हवं.

मैत्रिणींनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात मोठी नैसर्गिक सरोवरं नाहीत. आहेत ते पाझर तलाव, लघु तलाव, गावतळी, नाल्यांवरचे बंधारे आणि अडाण-अरुणावतीसारख्या नद्यांचे डोह. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर आपल्याच आया-सासवांनी डोक्यावर मातीची टोपली वाहून यातले कितीतरी तलाव उभे केले. सरकारी कागदावर ती सिंचनाची कामं. पण पाणी साठलं, काठावर चिखल झाला, लव्हाळा आणि पाणकणीस वाढलं, मासोळी आली आणि तिच्यामागे पाखरं आली. पन्नास वर्षांत या तळ्यांचा एक वेगळाच संसार झाला. त्याची नोंद कुणी केली नाही, एवढंच.

नावं आपल्याच घरातली

या पाखरांची मराठी नावं ऐका. पिवळ्या टोकाच्या काळ्या चोचीवर लाल ठिपके असलेलं ते 'हळदी-कुंकू' बदक. काळ्याभोर अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेला, थव्याने पाण्यावर चालल्यासारखा पोहणारा तो 'वारकरी'. पाण्यात टुबकन बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती 'टिबुकली'. शेपटी खालीवर हलवत धोबीघाटावरच्या माणसासारखा वागणारा तो 'परीट'. आपल्या आज्यांनी आणि आजोबांनी ही नावं ठेवली ती बघून-ऐकून. पुस्तक उघडून नव्हे.

आवाजांचंही तसंच. टिबुकली एवढीशी, मुठीत मावेल अशी. पण तिचं ओरडणं म्हणजे कुणी खळखळून हसत सुटल्यासारखं. जांभळी पाणकोंबडी रेड्याचं कातडं ओढल्यासारखा घोगरा आवाज काढते. 'अडई' नावाची बदकं रात्री उडताना शीळ घालत जातात. अंधारात ती दिसत नाहीत, नुसती शिट्टी डोक्यावरून निघून जाते. लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवरून चालताना मांजरीच्या पिलासारखा आवाज करतो.

आता एक गंमत सांगते. ती ऐकून आमच्या बचत गटातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. 'रंगीत पाणलावा' नावाचा एक पक्षी चिखलाच्या काठाला राहतो. त्याच्यात नटलेली असते ती मादी, आणि नर असतो साधा, मातकट. संध्याकाळ झाली की जोडीदारासाठी साद घालते तीही मादीच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा तिचा आवाज येतो. अंडी घालून ती पुढे निघून जाते आणि उबवायचं, पिलं सांभाळायचं काम बापाकडे. कमळपक्ष्यांतही अंडी उबवणारा नरच. "असंही असतं का बाई जगात!" असं एका याडीने म्हटलं. याडी म्हणजे आई. आमच्याकडे तांड्यातल्या मोठ्या बायकांना सगळेच याडी म्हणतात. असतं, याडी. आपल्याच तळ्यावर असतं.

आणि टिटवी? तिच्याबद्दल आपल्या मनात भीती बसवलेली आहे. रात्री टिटवी ओरडली की घरात काहीतरी वाईट होणार, असं लहानपणापासून ऐकलं. खरं म्हणजे टिटवी ही काठाची राखणदार. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आडोशाला असतात. कुत्रं, मुंगूस, साप, माणूस, कुणीही जवळ आलं की ती जिवाच्या आकांताने ओरडते. त्या ओरडण्याने बाकीची पाखरंही सावध होतात. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचे आणि पाणी बघून मुक्काम टाकायचे. उघड्यावर झोपलेल्या माणसांना अंधारात कुणी येतंय हे टिटवीच्या ओरडण्यावरून कळत असेल, तर ती अशुभ कशी? ती तर फुकटची जागल्या.

आवाज म्हणजे तळ्याची नाडी

कुणी म्हणेल, पाखरं ओरडली काय नि नाही ओरडली काय, आपल्या संसाराला काय फरक पडतो? फरक पडतो. वैद्य नाडी बघून पोटातलं सांगायचे, तसं काठावरचा आवाज ऐकून तळ्याचं पोट कळतं. टिबुकली आहे म्हणजे पाण्यात बारीक मासे आणि किडे आहेत. कमळपक्षी आहे म्हणजे पानवेली शाबूत आहेत. तुतारी, शेकाट्या असे लांब पायांचे पक्षी आहेत म्हणजे काठाला उथळ पाणी आणि जिवंत चिखल आहे. पाण्यात मैला, साबण, औषधं वाढत गेली की आवाजांची जात बदलते. नाना तऱ्हेचे आवाज कमी होत जातात आणि कावळे, मैना अशा कुठेही जगणाऱ्या पाखरांचा कलकलाट तेवढा उरतो. पाणी तपासायची प्रयोगशाळा तालुक्याला असेल-नसेल. हे कान तर घरोघरी आहेत.

यातला सगळ्यात मोलाचा आवाज म्हणजे बेडकांचा. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पिवळेधमक मोठे बेडूक पाण्यात उतरतात. गालाशी निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर डराव डराव चालतं. ओरडतात ते नर, मादीला बोलवायला. प्रत्येक जातीचा सूर वेगळा, म्हणून त्या गोंधळातही मादीला आपल्या जातीचा नर बरोबर सापडतो. आपल्याला झोपमोड वाटते. पण हेच बेडूक शेतातल्या किडी खातात.

याचा धडा आपल्या देशाने एकदा घेतलेला आहे. बेडकांच्या तंगड्या परदेशात आवडीने खाल्ल्या जातात, म्हणून भारतातून वर्षानुवर्षं हजारो टन तंगड्या निर्यात होत होत्या. बेडूक घटले की किडी वाढतात आणि त्या मारायला महागडी औषधं आणावी लागतात, हे ध्यानात आलं. अखेर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. म्हणजे शेतकऱ्याचा फायदा बेडूक विकण्यात नसून राखण्यात आहे, हे सरकारनेही मान्य केलं.

पण आज बेडकाला खाणारा नाही, तर विष आहे. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो. पाण्यात जे मिसळतं ते थेट त्याच्या अंगात जातं. कपाशी-सोयाबीनवर जे फवारलं जातं, ते पहिल्या जोराच्या पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून तळ्यात उतरतं. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती घरं आजही सावरलेली नाहीत. जे औषध धडधाकट माणसाला उभ्या उभ्या आडवं करतं, ते तळ्यातल्या मुठीएवढ्या जिवाचं काय करत असेल? पावसाळ्याची एखादी रात्र शांत गेली तर "बरं झालं, झोप लागली" असं म्हणू नका. त्या शांततेची काळजी करा. अमेरिकेत रेचेल कार्सन या बाईंनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहून हीच काळजी जगापुढे मांडली. फवारण्यांमुळे एक दिवस असा वसंत येईल की पाखरं गाणारच नाहीत, असा त्यांचा इशारा होता. त्या पुस्तकामुळे तिकडचे कायदे बदलले.

आपल्याकडचं चित्रही काही बरं नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल २०२३ साली आला. देशातल्या सुमारे ३० हजार हौशी पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवरून तो तयार झाला. ज्या ३३८ जातींबद्दल दीर्घ काळाचा हिशेब लावता आला, त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. घटलेल्यांत दूर देशांहून हिवाळ्यात येणारे पाहुणे आणि बदकांच्या जाती ठळक आहेत. मोर आणि कोकीळ मात्र वाढले. म्हणजे अंगणातून कोकीळ ऐकू येते म्हणून सगळं आलबेल आहे, असं समजायचं कारण नाही. अंगण बोलतंय, तळं बोलतंय का, ते बघा.

कायद्याच्या चाळणीतून गळालेली तळी

आता मुख्य मुद्द्यावर येते. सर्वोच्च न्यायालयात पाणथळ जागांचं एक प्रकरण बरीच वर्षं चालू आहे. उपग्रहाच्या नकाशांवरून देशातल्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यावं, असं न्यायालयाने २०१७ साली सांगितलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने नव्या नकाशाप्रमाणे हा आकडा २ लाख ३१ हजार १९५ असा धरला आणि राज्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी, हद्दी ठरवाव्यात, असा आदेश दिला. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण हे आकडे आहेत सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांचे. सव्वादोन हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकर. त्याहून लहान गावतळं या मोजणीतच नाही.

दुसरी चाळणी याहून बारीक आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे जे नियम आहेत, त्यांच्या व्याख्येतून नद्यांची पात्रं आणि भातशेती वगळलेली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेली तळी वगळलेली आहेत. सिंचन, मत्स्यपालन आणि करमणूक यांसाठी खास बांधलेली कामंही वगळलेली आहेत. आता आपल्या भागाकडे बघा. आपल्याकडे पाणी साठतं ते बहुतेक माणसाने बांधलेल्या तलावातच. तलाव बांधलेला सिंचनासाठी, नाही तर पिण्यासाठी. डोह आहे तो नदीच्या पात्रात. मग उरलं काय? आपल्या भागातला जवळजवळ सगळा तळ्याकाठ या नियमाच्या बाहेर जातो. टिटवीला काय ठाऊक, की हा बांध सिंचन खात्याचा आहे म्हणून इथे घातलेलं अंडं हिशेबात धरत नाहीत!

नियम करणाऱ्यांची अडचण मी समजू शकते. प्रत्येक शेततळ्याला बंधनं घातली तर शेतकऱ्याने पाणी कसं वापरायचं? पण "माणसाने बांधलं म्हणजे ते निसर्गाचं नाही" हे गणित आपल्याच राज्यात खोटं ठरलं आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं 'रामसर' स्थळ. पाणथळ जागा राखण्यासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी जगातल्या देशांचा करार झाला. त्या यादीत नांदूर मधमेश्वर जानेवारी २०२० मध्ये गेलं. ते काय आहे? गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी आणि गाळ! पूर्व विदर्भातलं नवेगाव बांध हे तळंही गावातल्या माणसांनीच बांधलेलं आणि तिथल्या पाखरांनी मराठी साहित्याला केवढं वैभव दिलं. त्याच वर्षी रामसर यादीत गेलेलं दुसरं नाव आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारचं. उल्केच्या आघाताने झालेलं सरोवर, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण जगप्रसिद्ध लोणार जपायचं आणि गावोगावची साधी तळी वाऱ्यावर सोडायची, हे म्हणजे देवघर सारवायचं आणि चूल तशीच ठेवायची.

गोंदियाच्या सारसांचं उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. माणसाच्या उंचीचा हा पक्षी. त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, त्यामुळे त्याची तुतारीसारखी हाक फार दूरवर जाते. नर-मादी मान वर करून जोडीने हाक देतात. महाराष्ट्रात ही हाक आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भंडाऱ्याच्या शिवारातच उरली आहे, आणि तिथेही जोड्या फार थोड्या. सारस राहतो कुठे? भातशेतीत आणि तळ्याकाठी. म्हणजे पुन्हा त्याच वगळलेल्या जागी! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून हा विषय हाती घेतला. सारसाला कोर्ट भेटलं. टिबुकलीला कोण भेटणार?

गाळ काढा, पण काठ ठेवा

आपल्याकडे तळ्यांचं नुकसान कुणी वाईट हेतूने करत नाही, हे मुद्दाम सांगते. होतं ते चांगल्या कामांतूनच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली. तळ्यात पाणी जास्त मावतं, गाळ शेतात पडून पीक सुधारतं. योजना चांगलीच आहे. पण पोकलेन उतरतो तो काठापासून काठापर्यंत सगळं खरवडून काढतो. उतार जातो, उभी कड तयार होते. उथळ चिखलात चोच घालून जगणारे पक्षी उभ्या कडेवर काय खाणार? पाणकणसाची बेटं "घाण" म्हणून उपटली, तर पाणकोंबडीने घरटं कुठे बांधायचं? सुशोभीकरणाचं तेच. काठाला दगडी पिचिंग, सिमेंटचा रस्ता, रात्रभर दिवे. फोटो छान येतो. पण दिव्यांच्या झोतात ना बेडूक नीट राहतो, ना रातबगळा.

आणि आवाजाला मारणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आवाजच. लग्न असो, मिरवणूक असो, डीजेशिवाय आता पान हलत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं, तान्ही बाळं दचकतात, हे आपण रोज बघतो. पाखरांचं काय होतं याचाही अभ्यास झालेला आहे. हॉलंडमधल्या एका शहरात गोंगाटाच्या रस्त्यांवरचे पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं २००३ साली दिसून आलं. २०२० च्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागातल्या चिमण्यांच्या जातीचे पक्षी हळू आवाजात, पण अधिक सुरेल गाऊ लागले. गोंगाट थांबला, तशी त्यांना ओरडून गायची गरज उरली नाही. आपणही त्या दिवसांत घरात बसून म्हणत होतो ना, की पाखरं आताच कुठून आली? ती तिथेच होती. आपला आवाज थांबला म्हणून ती ऐकू आली.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. नियमाला धाक लागतो, आणि गावात तो धाक पोलिसांपेक्षा घरातल्या बाईचा जास्त असतो, हा माझा अनुभव आहे. "माझ्या पोराच्या लग्नात डीजे नको, नंगारा नि हलगी चालेल," असं एका आईने ठणकावून सांगितलं की वरात आपोआप माणसाच्या मापात येते. देवीच्या गावात नंगारा घुमावा, आरती व्हावी. त्याने टिटवी गाव सोडून गेली नाही कधी. भिंती हादरवणारे डबे नकोत, एवढंच.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. "ताई, इथे उन्हाळ्यात टँकर लागतो, बायका दोन-दोन किलोमीटर हंडे वाहतात, आणि तुम्ही पाखरांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. हंडा माझ्याही डोक्यावर होता. पण ज्या तळ्यावर पाखरं टिकतात, तिथे काठ, झाडोरा आणि स्वच्छ पाणी टिकलेलं असतं. ते तळं विहिरींना पाणी देतं, गुरांना पाणी देतं. पाखरांसाठी एक तळं आणि माणसांसाठी दुसरं, असं नसतं. संत सेवालाल महाराजांच्या नावाने जी भाकितं तांड्यातांड्यांत सांगितली जातात, त्यात पाणी विकत घ्यावं लागेल असंही एक आहे. वीस रुपयांची बाटली हातात घेताना ते आठवतं.

मग करायचं काय? मोठं काही नाही, चार कामं.

पहिलं, महिला ग्रामसभेत तळ्याचा विषय मांडायचा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे. बऱ्याच गावी ती सह्यांपुरती होते. तिथे ठराव करायचा : गाळ काढताना तळ्याची एक बाजू तशीच सोडायची, उतार ठेवायचा, पाणकणसाचं एक बेट राखायचं, काठाला रात्रभर दिवे नकोत. गावतळी ही सगळ्या गावाची, त्यांच्यावरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एका निकालात बजावलेलं आहे. पाणथळीच्या नियमात आपलं तळं बसत नसलं, तरी हा आधार आहे.

दुसरं, गावची लोक जैवविविधता नोंदवही मागायची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि ही नोंदवही असायला हवी. समितीत महिलाही असायला हव्यात. वही उघडून बघा, तिच्यात आपल्या तळ्याची पाखरं आहेत का. नसतील तर लिहून घ्यायला लावा.

तिसरं, नावं गोळा करायची. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर हेच केलं. वनखात्याची नोकरी करता करता आदिवासी, पारधी, कोळी, रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं टिपली आणि मराठीला केवढा तरी शब्दसाठा दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांचं काम पुढे न्यायला विद्यापीठ लागत नाही. तांड्यातल्या याडीला विचारा, या पाखराला गोरबोलीत काय म्हणतात? तो कधी ओरडतो? कधीपासून ओरडेनासा झाला? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर फक्त म्हाताऱ्या माणसांकडेच आहे, आणि ती माणसं काही कायमची नाहीत.

चौथं, मुलांच्या हातातला मोबाइल कामाला लावायचा. 'मर्लिन' नावाचं एक फुकट ॲप आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं. २०२१ पासून त्यात आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सुचवायची सोय आली. ते कधी चुकतंही, म्हणून डोळ्यांनी खात्री करायची. जानेवारी महिन्यात आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. शाळेच्या बाईंना सोबत घेऊन पहाटे दहा मिनिटं काठावर शांत बसायचं, जे आवाज येतील ते लिहायचे, तारीख टाकायची. दर महिन्याला एकदा. दोन-तीन वर्षांत ती वही म्हणजे पुरावा होतो. मघाशी सांगितलेला देशाचा अहवाल अशाच साध्या माणसांच्या नोंदींतून झाला. त्या ३ कोटी नोंदींत आपल्या गावच्या तळ्याची एक तरी आहे का?

सरकारच्या नकाशात जागा सव्वादोन हेक्टरची असावी लागते. आपल्या वहीत तशी अट नाही. आपल्याकडे म्हणच आहे, टिटवीदेखील समुद्र आटविते. अंडी वाहून नेणाऱ्या समुद्राशी टिटवीने वैर धरलं आणि शेवटी समुद्राला नमावं लागलं, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आपल्याला तर समुद्र आटवायचा नाही. एक तळं राखायचं आहे, एवढंच.